पेयातील कीडनाशक आणि रेणूची ओळख

पेयात कीडनाशकाचा अंश आहे की नाही, हा प्रश्न ऐकायला एकच वाटत असला, तरी प्रयोगशाळेत त्याचे दोन वेगळे प्रश्न होतात. नमुन्यात काहीतरी किती प्रमाणात आहे, हा पहिला प्रश्न आणि ते ‘काहीतरी’ नेमके कोणते रसायन आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देऊ शकणारी संवेदनशील उपकरणे विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच उपलब्ध होती. दुसऱ्याचे उत्तर, म्हणजे रेणूची निःसंदिग्ध ओळख, हे त्याहून बिकट काम असून आज ते मुख्यतः मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर सोपवलेले आहे. शीतपेये, फळांचे रस, वाइन आणि बाटलीबंद पाणी यांविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत जे वाद झाले, त्यांचा अर्थ लावताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी कोणत्याही एका कीडनाशकाची कमाल मर्यादा लीटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आणि सर्व कीडनाशकांची मिळून ०.५ मायक्रोग्रॅम अशी ठरवलेली आहे, आणि भारतात बाटलीबंद पाण्यासाठी हेच आकडे १ जानेवारी २००४ पासून लागू झाले. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १०,००० लीटर पाण्याच्या टँकरमध्ये कीडनाशक या मर्यादेइतके असेल, तर त्याचे एकूण वजन १ मिलिग्रॅम, म्हणजे बारीक मिठाच्या पंधरा-वीस कणांएवढे भरेल. तरीही रेणूंच्या संख्येने पाहिले, तर हे प्रमाण नगण्य नाही. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा रेणुभार सुमारे ३५० असल्याने ०.१ मायक्रोग्रॅममध्ये त्याचे सुमारे १७ वर तेरा शून्ये इतके रेणू असतात. खरी अडचण त्यांच्या भोवतालच्या गर्दीची आहे. गोड शीतपेयाच्या एका लीटरमध्ये साधारण ११० ग्रॅम साखर असते, म्हणजे मर्यादेवरच्या कीडनाशकापेक्षा ती वजनाने ११० कोटी पट जास्त असते, आणि तिच्या जोडीला आम्ले, रंगद्रव्ये, कॅफीन, सुवासिक तेले आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. विश्लेषक या सर्व गर्दीला मिळून ‘मॅट्रिक्स’ म्हणतात, आणि त्यांचे निम्म्याहून अधिक कष्ट तिच्याशी झुंजण्यातच खर्च होतात.

हे अंश पेयात येण्याच्या वाटा निरनिराळ्या असतात. फळांच्या रसात आणि वाइनमध्ये ते बागेतील फवारणीतून येतात, चहात पानांवरून उतरतात, तर शीतपेयात भूजल आणि साखर या दोन्हींकडे संशयाने पाहावे लागते; म्हणून तयार पेयाच्या तपासणीला कच्च्या मालाच्या तपासणीची जोड नसेल, तर अंश सापडला तरी त्याचा उगम सापडत नाही.

तपासणीची सुरुवात उपकरणापासून बरीच दूर, हलवायच्या नळीत होते. फसफसणाऱ्या पेयातील वायू आधी घालवला जातो, कारण बुडबुड्यांसकट मोजलेले आकारमान खोटे असते. त्यानंतर नमुन्यात ॲसिटोनायट्राइल हे द्रावक घालून नळी जोराने हलवतात आणि तिच्यात मॅग्नेशियम सल्फेट व मीठ टाकतात. एरवी पाण्यात पूर्ण मिसळणारे हे द्रावक क्षारांमुळे वेगळे होऊन वर तरंगू लागते. साखर आणि बरेचसे क्षार खालच्या पाण्यात राहतात, आणि कीडनाशकांचे बहुतेक रेणू वरच्या थरात येतात. त्या थरातील उरलेली आम्ले, शर्करा आणि रंग शोषून घेण्यासाठी विशिष्ट भुकट्या वापरतात, पण त्यांतही जपून निवड करावी लागते, कारण रंग काढणारी कार्बनची भुकटी चपट्या रचनेची काही कीडनाशकेही स्वतःकडे ओढून घेते. अनास्तासियादिस, लेहोटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीचे ‘क्वेचर्स’ हे नाव जलद, सोपी, स्वस्त, परिणामकारक, टिकाऊ आणि सुरक्षित अशा अर्थाच्या सहा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनले आहे. तिने तपासणीचा वेळ आणि द्रावकांची नासाडी इतकी कमी केली की जगभरच्या प्रयोगशाळांनी ती थोड्याच वर्षांत आत्मसात केली.

या अर्कातही शेकडो पदार्थ असतात, त्यामुळे त्यांना एकामागून एक सोडणे आवश्यक ठरते. हे काम क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन, करते. वायू-वर्णलेखनात अर्काचा एक सूक्ष्म थेंब तापवून वाफ करतात आणि ती वाफ केसासारख्या बारीक, बहुधा ३० मीटर लांबीच्या, वेटोळे केलेल्या नळीतून वाहत्या वायूबरोबर पाठवतात. नळीच्या आतील लेपाला जो रेणू अधिक चिकटतो तो उशिरा बाहेर पडतो. बाहेर पडण्याची ही वेळ प्रत्येक रसायनासाठी ठराविक परिस्थितीत ठराविक असते, आणि तिला धारणकाल म्हणतात. मात्र एका रसायनाचा धारणकाल ठरलेला असला, तरी त्या क्षणी दुसरे कोणतेही रसायन बाहेर पडणार नाही अशी हमी निसर्गाने दिलेली नाही, आणि नेमक्या याच फटीतून ओळखीचा प्रश्न आत शिरतो.

नळीच्या टोकाशी अनेक दशके जो शोधक बसवला जात असे, तो जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास तयार केलेला इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर होता. त्यात किरणोत्सारी स्रोतामुळे मुक्त इलेक्ट्रॉनांचा एक बारीक, स्थिर प्रवाह वाहत असतो, आणि क्लोरिनसारखे अणू असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन पकडतो आणि प्रवाह घटतो. डीडीटी, लिंडेन यांसारख्या क्लोरिनयुक्त कीटकनाशकांसाठी हा शोधक अत्यंत संवेदनशील आहे, परंतु त्याला रेणूचे नाव कळत नाही. प्लास्टिकातून येणारी थॅलेट संयुगे आणि गंधकसुद्धा त्याच्या आलेखावर शिखर उमटवू शकतात. दोन वेगळ्या लेपांच्या नळ्यांवर तोच नमुना तपासून धारणकाल दोन्हीकडे जुळतो का हे पाहिले, तर खात्री वाढते, पण तरीही ती अप्रत्यक्ष राहते.

भारतात शीतपेयांच्या निमित्ताने हा मुद्दा सर्वसामान्यांच्या चर्चेत आला तो ऑगस्ट २००३ मध्ये. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने शीतपेयांच्या १२ ब्रँडच्या ३६ नमुन्यांत लिंडेन, डीडीटी व त्याची रूपांतरे, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस यांचे अंश युरोपीय मर्यादेच्या कितीतरी पट आढळल्याचे ५ ऑगस्टला जाहीर केले, कंपन्यांनी ते नाकारले, आणि प्रकरण शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीकडे गेले. संस्थेने मुख्यतः वायू-वर्णलेखन आणि त्याला जोडलेले पारंपरिक शोधक वापरले होते, आणि मास स्पेक्ट्रोमीटरने निश्चिती केली नाही हा आक्षेप त्या वादात वारंवार घेतला गेला. सरकारी प्रयोगशाळांचे आकडेही संस्थेच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले नाहीत. समितीने फेब्रुवारी २००४ मध्ये सादर केलेल्या अहवालात अंशांच्या अस्तित्वाविषयीचा निष्कर्ष, त्या ३६ नमुन्यांपुरता, बरोबर असल्याचे नमूद केले. या निर्णयातील मोजूनमापून केलेली शब्दयोजना महत्त्वाची आहे. नमुने कोणते, बाटल्या कोणत्या आणि पद्धत कोणती, हे सांगितल्याशिवाय ‘शीतपेयात विष’ या विधानाला वैज्ञानिक अर्थ उरत नाही, आणि तसा अर्थ उरतो तेव्हा ते विधान टाळताही येत नाही. त्याच संस्थेने २००६ मध्ये १२ राज्यांतील २५ बॉटलिंग प्रकल्पांतून आलेल्या ५७ नमुन्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा मास स्पेक्ट्रोमीटरने केलेली निश्चिती तिच्या पद्धतीचा भाग होती.

या उपकरणामागची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ मध्ये निऑन वायूचे विद्युतभारित कण चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांतून पाठवले, तेव्हा ते २० आणि २२ अशा दोन वस्तुमानांच्या रेषांत विभागले गेले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये उपकरण सुधारून कितीतरी मूलद्रव्यांचे समस्थानिक शोधले आणि १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. भाररहित रेणूला क्षेत्रांनी वळवता येत नाही, म्हणून त्याला आधी विद्युतभार द्यावा लागतो, म्हणजे त्याचा आयन करावा लागतो; मग हवेचे रेणू आडवे येऊ नयेत म्हणून निर्वात केलेल्या कक्षात त्याला असे धावायला लावतात की वस्तुमान आणि भार यांच्या गुणोत्तरानुसार आयन वेगळे होतील. नेहमीच्या उपकरणांत हे वेगळे करणे चार समांतर दांड्यांवरील बदलत्या विद्युतदाबाने होते, आणि त्या दाबाच्या एका मूल्याला एकाच गुणोत्तराचे आयन पार जातात, बाकीचे दांड्यांवर आदळून नाहीसे होतात. या कल्पनेच्या पायाभूत कामासाठी वोल्फगांग पाउल हे १९८९ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

वायू-वर्णलेखनाशी जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये रेणूंवर ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. या ऊर्जेने रेणू नुसता भारित होत नाही, तर फुटतो, आणि त्याचे तुकडे त्याच्या रचनेनुसार ठरलेल्या ठिकाणी व ठरलेल्या प्रमाणात पडतात. डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीईचे उदाहरण घेतल्यास, त्यात क्लोरिनचे चार अणू असतात, आणि निसर्गात ३५ व ३७ वस्तुमानांचे क्लोरिन साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले असल्यामुळे या एकाच रसायनाची ३१६, ३१८, ३२०, ३२२ अशी पायऱ्यापायऱ्यांची रांग दिसते, तर क्लोरिनचे दोन अणू गळून पडल्यावर २४६ च्या आसपास दुसरी रांग उमटते. ठरलेला धारणकाल, ठरलेल्या पायऱ्या आणि त्यांच्या उंचीचे ठरलेले प्रमाण या तिन्ही गोष्टी एकदम जुळवून आणणे एखाद्या परक्या रसायनाला जवळजवळ अशक्य असते.

तथापि, उष्णतेने वाफ होण्याऐवजी मोडून पडणारी किंवा पाण्यात सहज विरघळणारी अनेक आधुनिक कीडनाशके वायू-वर्णलेखनाच्या नळीत टिकतच नाहीत. त्यांच्यासाठी द्रव-वर्णलेखन वापरावे लागते, आणि नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा निर्वात कक्षाशी मेळ घालणे ही दीर्घकाळची डोकेदुखी होती. जॉन फेन यांनी विकसित केलेल्या इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीने ती सुटली; त्यांना यासाठी २००२ च्या नोबेलचा वाटा मिळाला. तीत द्रव उच्च विद्युतदाबाखालील सुईतून भारित तुषारांच्या रूपाने उडवतात, तुषार आटत जातात आणि अखेरीस रेणू न फुटता, बहुधा एक प्रोटॉन अंगावर घेऊन, मोकळा होतो. पण रेणू अखंड राहिला, की तुकड्यांची साक्ष हरवते. म्हणून तीन टप्प्यांची यंत्रणा वापरतात: पहिला टप्पा हव्या त्या वस्तुमानाचा आयन निवडतो, दुसऱ्यात तो नायट्रोजन किंवा आर्गॉनसारख्या वायूवर आदळून फुटतो, आणि तिसरा त्याचे ठरलेले तुकडे मोजतो. या साखळीचा तिहेरी अवतार अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात योस्ट आणि एन्की यांनी १९७८ मध्ये मांडला, आणि आज अंशांच्या तपासणीचा बहुतांश भार त्याच्यावर आहे.

बुरशीनाशक कार्बेन्डाझिम, जे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना बाविस्टीन या नावाने परिचित आहे, या यंत्रणेत १९२ वस्तुमानाच्या आयनाच्या रूपात दिसते. तो फुटला की मिथेनॉलचा तुकडा गळून १६० चा आयन उरतो आणि आणखी फुटून १३२ चा. ‘१९२ पासून १६०’ आणि ‘१९२ पासून १३२’ या दोन्ही वाटा एकाच धारणकालाला उजळल्या पाहिजेत, आणि युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर शुद्ध प्रमाण-नमुन्याच्या गुणोत्तरापासून ३० टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे. तेव्हाच कार्बेन्डाझिम ‘आढळले’ असे लिहिण्याची मुभा असते.

याच रसायनाने २०११ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेतील संत्र्याच्या रसाचा बाजार हलवला. ब्राझीलमध्ये संत्र्यावरील काळ्या ठिपक्यांच्या रोगासाठी ते वापरले जात होते, अमेरिकेत मात्र लिंबूवर्गीय फळांवर त्याला परवानगी नव्हती, आणि एका रस कंपनीने स्वतःच्या व इतरांच्या रसात ते आढळल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाला कळवले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मते अब्जभागी ८० भागांपर्यंतचे प्रमाण आरोग्याला चिंताजनक नव्हते. तरीही आयात मालासाठी अब्जभागी १० भाग ही रेषा आखली गेली, कारण परवानगी नसलेल्या रसायनाचा कोणताही अंश बेकायदा होता आणि खात्रीने मोजता येईल अशी खालची पातळी तेवढीच होती. युरोपचा ०.१ मायक्रोग्रॅमचा आकडाही मुळात असाच आहे. १९८० च्या निर्देशात तो घातला गेला, तेव्हा प्रत्येक कीडनाशकाच्या विषारीपणाचा हिशेब मांडलेला नव्हता, तर पाण्यात कीडनाशक नसावेच या भूमिकेला त्या काळच्या मापनक्षमतेने दिलेले ते रूप होते. मापन आणि आरोग्य-मर्यादा यांत हा भेद असल्यामुळे ‘मर्यादेच्या चोवीस पट’ असे वाक्य वाचताना ती मर्यादा कोणत्या विचाराने ठरली होती, हे विचारणे वाचकाचा हक्क आहे.

यंत्र कितीही कुशल असले, तरी ते फसू शकते. इलेक्ट्रोस्प्रेच्या तुषारात कीडनाशकाबरोबर शर्करा आणि पॉलिफिनॉल असतील, तर भारासाठी त्यांच्यात स्पर्धा लागते आणि कीडनाशकाचा संकेत दबतो, त्यामुळे खरे प्रमाण जास्त असूनही कमी दिसते. यावर उपाय म्हणून कीडनाशकविरहित अशाच पेयात ज्ञात प्रमाण मिसळून मोजपट्टी तयार करतात, किंवा ज्या रेणूतील काही अणूंच्या जागी जड समस्थानिक बसवले आहेत असा त्याच रसायनाचा जुळा भाऊ नमुन्यात आरंभीच घालतात, कारण जो अन्याय एकावर होतो तोच दुसऱ्यावरही होतो आणि त्यांचे गुणोत्तर अबाधित राहते. मिसळलेल्या प्रमाणापैकी सरासरी ७० ते १२० टक्के परत हाती लागले, तर पद्धत स्वीकारार्ह मानतात. प्रत्येक तुकडीबरोबर कोरा नमुनाही चालवावा लागतो, नाहीतर काचेच्या भांड्याला आधीच्या नमुन्याचे चिकटलेले अंश निरपराध पेयाच्या नावावर जमा होतात.

यंत्राची दुसरी मर्यादा अधिक गंभीर असून, महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्याने तिची किंमत मोजली आहे. तिहेरी यंत्रणा ज्या वाटा तिला आधी सांगितल्या आहेत तेवढ्याच पाहते. वेलीची अतिरिक्त वाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड हे संजीवक वापरत असत, ज्याला बागेत सीसीसी किंवा लिहोसीन म्हणतात. २०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि माल अडकला, कारण निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच. पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा होती, तपासणीची व्यवस्था होती, अहवाल प्रामाणिक होते. परंतु जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याचे उत्तर अहवालात येणे शक्य नव्हते, आणि नुकसान मात्र ज्याने वर्षभर बाग सांभाळली त्याचे झाले. या रेणूवर कायमचा धनभार असल्याने तो नुसता यादीतून निसटला असे नाही. तो ॲसिटोनायट्राइलच्या थरात येतच नाही, खालच्या पाण्यातच राहतो, आणि त्याला पकडण्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलने वेगळा अर्क काढून वेगळ्या नळीवर तपासावे लागते.

नाशिकच्या वाइनसाठी हाच भेद उपयोगी ठरतो. द्राक्षावरील तेलकट स्वभावाची कीडनाशके मोठ्या प्रमाणात सालींबरोबर आणि आंबवणानंतर तळाशी बसणाऱ्या यीस्टच्या गाळाबरोबर बाहेर पडतात, तर पाण्यात रमणारी रसायने रसाबरोबर बाटलीपर्यंत पोहोचतात. म्हणून द्राक्षाचा अहवाल वाइनला तसाच लावता येत नाही, आणि वाइनमधील अल्कोहोल व टॅनिन यांचा हिशेब धरून पद्धत नव्याने पडताळावी लागते.

यादीबाहेरचे रसायन शोधण्यासाठी आता वस्तुमान अतिशय अचूकपणे मोजणारी उपकरणे वापरली जातात. नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि इथिलीन या तिन्हींचे वस्तुमान ढोबळ मानाने २८ असले, तरी अचूक मापाने ते २८.००६, २७.९९५ आणि २८.०३१ असे वेगळे होते. ऑर्बिट्रॅप किंवा उड्डाणकाल मोजणारे उपकरण दशांशानंतरच्या या अंकांवरून रेणूतील अणूंची घडण सांगू शकते. ते ठराविक वाटाच न पाहता नमुन्यातील सर्व आयनांची नोंद ठेवते, त्यामुळे आज नोंदवलेली फाइल काही वर्षांनी उघडून, तेव्हा कोणाच्या यादीत नसलेल्या कीडनाशकाविषयी तिला प्रश्न विचारता येतो, आणि त्यासाठी मूळ बाटली शिल्लक असण्याची गरज राहत नाही. मात्र त्या नमुन्याचा अर्क ॲसिटोनायट्राइलने काढला असेल, तर क्लोरमेक्वाटसारखा रेणू खालच्या पाण्याबरोबर त्याच दिवशी मोरीत वाहून गेलेला असतो, आणि फाइल कितीही वेळा उघडली तरी त्याची नोंद तीत मिळत नाही.